गिअरबॉक्समधले सासरे

फाटकापासून चौकापर्यंत रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात लाल तेल होतं. कुणाकडे डबा, कुणाकडे बाटली, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या शिशीत जेमतेम चार थेंब आणले होते. आम्ही नवराबायको बॅगा सावरत कडेकडेने पुढे निघालो, तेवढ्यात एक बाई माझ्या अंगावर खेकसली, "ओ, मध्ये घुसू नका! रांगेत या!"

"अहो, मी या घरचा जावई आहे."

"सकाळपासून तिसरा," ती मागच्या बाईला म्हणाली.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला, अंगणात, माझ्या सासऱ्यांची जुनी पिकअप उभी होती. बॉनेटवर फुलांचा ढीग, आरशाला हार, आणि पुढच्या बंपरवर कुणीतरी डोकं टेकवून बसलेलं. माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, गेल्या वर्षी झोपेतच गेले. निदान आमची तशी समजूत होती. गावाचं म्हणणं वेगळं होतं. आबा गेले नव्हते, त्यांनी फक्त जागा बदलली होती. ते आता गिअरबॉक्समध्ये राहत होते.

फोनवर हे ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. पण समोर एवढी माणसं हात जोडून उभी असली की हसायलाही छाती लागते.

ही गाडी आबांनी कुठल्याशा कंपनीचं काम संपल्यावर भंगारातून उचलली होती आणि तिच्यावर जन्मभर लोकांची कपाटं, पलंग आणि फ्रिज वाहिले होते. गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही. ड्रायव्हरने गिअरचा दांडा एकदा 'डी'वर ठेवला की पहिला, दुसरा, तिसरा गिअर गाडी आपला आपण बदलते. गावात अशी गाडी दुसरी नव्हती. आबा होते तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ते गेले आणि गाडी बिघडली. इंजिन बोंबलायचं पण गिअर बदलायचा नाही, आणि बदललाच तर असा दणका बसायचा की मागचं उभं कपाट आडवं व्हायचं. शेवटी एक दिवस ती जागची हलेना. तेव्हा माझ्या मामेसासऱ्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून गिअरबॉक्समध्ये त्याचं ते लाल तेल ओतलं. गाडी चालू लागली. थोड्या दिवसांनी पुन्हा बसली. बघतात तर तेल गायब! खाली पांढरा कागद अंथरून पाहिला, एक थेंब नाही. पुन्हा ओतलं, पुन्हा गायब, आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट.

तेल गेलं कुठे, हे कुणालाच सांगता येईना. मग मामांनी सांगितलं: आबा प्यायले.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांच्या छत्र्या विकून झाल्या होत्या, विमा विकून झाला होता, गुडघेदुखीवरचे चुंबकाचे पट्टे विकून झाले होते. आयुष्यभर हा माणूस बोलत राहिला आणि लोक घड्याळाकडे बघत राहिले. आता तो तोंड उघडायच्या आत लोक खाली बसत होते. अंगात जमिनीपर्यंत लोळणारा पांढरा झगा आला होता आणि नाव पडलं होतं मामामहाराज.

"भक्तहो," ड्रायव्हरच्या सीटवर बसून, दार सताड उघडं टाकून मामामहाराज सांगत होते, "या दांड्यापाशी चार अक्षरं आहेत. 'पी' म्हणजे पार्क. तो आपला देह. ठेवाल तिथे पडून राहतो. 'आर' म्हणजे रिव्हर्स. तो मागचा जन्म. 'एन' म्हणजे न्यूट्रल. हे वैराग्य! इंजिन चालू आहे, पण जायचं कुठेच नाही. आणि 'डी'..."

"ड्राइव्ह!" गर्दी एका सुरात ओरडली.

"ड्राइव्ह म्हणजे मुक्ती! पण मध्ये गिअर अडकतो. कशाने अडकतो?"

"अहंकाराने!"

"आणि मामा," माझी बायको मागून म्हणाली, "त्याच्याखाली 'दोन' आणि 'एक' लिहिलंय, ते काय?"

मामांनी वाकून दांड्यापाशी पाहिलं. "ते... ते संसारी लोकांसाठी."

लोकांनी माना डोलावल्या. माझी बायको गुरांची डॉक्टर आहे. तिने मान डोलावली नाही, ती टक लावून झग्याच्या खालच्या काठाकडे बघत राहिली.

प्रश्न विचारायची पद्धत सोपी होती. भक्ताने तेल द्यायचं आणि मोठ्याने प्रश्न विचारायचा. मामा डोळे मिटून दांडा 'एन'वरून 'डी'वर ओढणार. गाडी शांत राहिली तर आबांचा होकार. दणका दिला तर नकार. एका जाडजूड दुकानदाराने भलामोठा डबा पुढे केला आणि दुकानावर मजला चढवू का, असं विचारलं. गाडी नुसती गुरगुरली. होकार! नंतर ते शिशीवाले गृहस्थ पुढे झाले. "आबा, मुलगा माझ्याशी परत बोलेल का हो?"

गाडीने असा दणका दिला की बॉनेटवरची फुलं खाली आली. म्हातारा शिशी घेऊन तसाच मागे वळला. त्या क्षणापर्यंत मला गंमत वाटत होती. त्यानंतर वाटली नाही.

आणि मग गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण सासूबाई आल्या. एका शेजारणीने त्यांचा हात धरला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. डॉक्टरांनी किती वेळा बजावलं होतं की आता थांबू नका, आत दाब वाढतोय, नस गेली की मग आम्हीही काही करू शकणार नाही. आमची तारीख ठरायची आणि ऐन वेळी सासूबाई नको म्हणायच्या. का, ते आम्हाला तेव्हा समजलं.

"अहो," त्या बॉनेटवर हात ठेवून, अगदी हळू म्हणाल्या, "लेक आलीय न्यायला. जाऊ का ऑपरेशनला?"

दणका.

"नाही म्हणतात," सासूबाई आमच्याकडे बघून म्हणाल्या, म्हणजे आम्ही होतो त्याच्या जरा डावीकडे बघून.

स्वयंपाकघरात त्यांनी आमच्यासाठी चहा ओतला. अर्धा कपात गेला, अर्धा ओट्यावर.

"आई," बायको ओटा पुसत म्हणाली, "आबा जिवंत असताना कधी एका शब्दात हो किंवा नाही म्हणाले होते का? काहीही विचारा, 'बघू' म्हणायचे. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा 'बघू' म्हणाले."

"माझ्या तोंडावर म्हणाले होते," मी दुजोरा दिला.

"मेल्यावर सुधारले असतील," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग कप चाचपून माझ्यापुढे सरकवला. "तुला नाही कळायचं, पोरी. घरात दिवसभर बोलायला कुणी नाही. तो दणका बसला ना, की वाटतं, आहेत. रागावले तरी चालेल, पण आहेत."

बायकोने यावर वाद घातला नाही. तिने बॅगेतून स्टेथोस्कोप काढून ठेवला.

सकाळी अंगण पुन्हा भरलं. बायको गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून थेट गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी सासूबाईंना खुर्ची आणून दिली.

"मामा, आज मीपण विचारणार."

"विचार की, बाळ! आबांची लाडकी तू."

"आधी झगा गुडघ्यापर्यंत वर घे."

मामांचा हात दांड्यावरून निसटला. "काय म्हणालीस?"

"झगा वर घे. आबा उत्तर देत असताना तुझे पाय दिसू देत सगळ्यांना."

"अगं, बायकामाणसं आहेत समोर!"

"मी गुरांची डॉक्टर आहे, मामा. याहून वाईट पाय रोज बघते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, "घ्या की वर, महाराज, आबांपासून काय लपवायचं?" भक्तांचंही बरोबर होतं. त्यांची श्रद्धा पक्की होती, त्यांना भीती कसली? मामांनी कावऱ्याबावऱ्या नजरेने झगा वर घेतला. आतून दोन काटकुळे पाय निघाले, डावा ब्रेकवर, उजवा अॅक्सिलरेटरवर टेकलेला. सगळ्यांची नजर आपल्यावर आहे हे पाहून उजव्या पायाने अंग चोरलं.

"आबा," बायकोने खड्या आवाजात विचारलं, "मी तुमची मुलगी ना?"

मामांनी दांडा ओढला. गाडी गुरगुरली. होकार. लोकांनी सुस्कारा सोडला.

"आबा, मी तुमची मुलगी नाही ना?"

होकार.

"मामा यंदा शाळेत पहिला आला ना?"

होकार.

"आबा, तुम्ही रेडा आहात ना?"

गाडी शांत, मायेने गुरगुरत राहिली. गर्दीत कुजबुज सुरू झाली. रांगेतली कालची बाई म्हणाली, "असं कसं? आज त्यांचा मूड चांगला दिसतोय."

"आता उतर," बायको म्हणाली आणि मामांच्या जागी स्वतः बसली. दार उघडंच ठेवलं. "बघा सगळे. उजवा पाय अॅक्सिलरेटरपासून लांब ठेवून दांडा ओढला तर हे असं, नुसती गुरगुर. आता उजवा पाय हलकेच टेकवते, इंजिन जरा जोरात फिरू दे, आणि तसाच दांडा ओढते." दणका! फुलं पुन्हा खाली. "हो हवं तर पाय वर. नाही हवं तर पाय खाली. यात आबा कुठे आहेत?"

मला वाटलं, संपलं. आता लोक शरमेने घरी जातील. पण तुम्ही आम्ही लोकांना ओळखत नाही हेच खरं. मजला चढवायला निघालेला दुकानदार पुढे आला आणि म्हणाला, "म्हणजे कुणीही बसलं तरी चालतं? मग मध्ये महाराज कशाला? सरका, मी स्वतःच विचारतो!" क्षणात रांग मोडली आणि ड्रायव्हरच्या दाराशी नवी रांग लागली. आपल्या प्रश्नाला आपल्याच पायाने उत्तर मिळणार म्हटल्यावर उत्साह दुप्पट झाला होता.

या गोंधळात मामा जमिनीवर बसले होते. झगा चिखलात. ते एकदम रडवेल्या आवाजात ओरडले, "ताई! पाय माझा होता, कबूल! पण तेल मी नाही प्यायलो गं! तुझी शपथ! तेल ते खरंच पितात! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझीच बोबडी वळली होती!"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. अर्धी फसवणूक त्याची होती आणि उरलेल्या अर्ध्या चमत्काराला तो स्वतःच घाबरून होता.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे आहेत?"

त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की माझ्या बायकोने आधी जाऊन त्यांचा हात धरला. मग तिने आवाज सांभाळून सांगितलं, "आई, जे आत जातं ते कुठून तरी बाहेर येतंच. चारा असो, तेल असो. कुणी मला सांगितलं की आमची गाय खाते पण शेण टाकत नाही, ती देव झालीय, तर मी गायीच्या मागे जाऊन उभी राहते. इतक्या दिवसांत गाडीच्या मागे कोण उभं राहिलं?"

कुणीच नाही. दर्शन पुढून होतं.

ती मागे गेली. धूर येत होता त्या नळीपाशी तिने माझा पांढरा रुमाल धरला. (माझाच. जावयाच्या नशिबी दुसरं काय.) रुमाल ओला, चिकट झाला आणि त्याला जळक्या तेलाचा वास मारू लागला. "तेल धुरातून जातंय. म्हणजे ते इंजिनात जळतंय. पण तुम्ही ओतता गिअरबॉक्समध्ये. तर मग गिअरबॉक्समधून इंजिनात जायला कुठेतरी वाट असणार."

तिने इंजिन बंद केलं, खाली कागद अंथरला आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. बराच वेळ नुसते तिचे पाय दिसत होते. मग आवाज आला, "इंजिनाकडून एक बारीक रबरी नळी येते आणि गिअरबॉक्सवरच्या एका पत्र्याच्या डबीला जोडलेली आहे. ही कसली नळी?"

मी पाहिलं, रांगेत गावचा गॅरेजवाला उभा होता आणि त्याने आपला डबा चेहऱ्यासमोर धरला होता.

"अहो गॅरेजवाले," मी म्हणालो, "डॉक्टर विचारतायत."

"ती... हवेची नळी," तो डब्यामागून म्हणाला. "तिच्यात तेलाचा थेंबही असता कामा नये."

"बरं," गाडीखालून आवाज आला. तिने नळी उपटली. पांढऱ्या कागदावर लाल तेल ठिबकायला लागलं. अंगणातल्या प्रत्येकाने ते वाकून पाहिलं.

मग गॅरेजवाल्याला बोलावंच लागलं. "इंजिन चालू असलं की ते हवा ओढतं. ती ओढ या नळीतून गिअरबॉक्सला कळते. ओढ चांगली असली म्हणजे गाडी आरामात चाललीय, गिअर हळूच बदलायचा. ओढ तुटली म्हणजे चढ आहे, ओझं आहे, गिअर उशिरा आणि जोर लावून बदलायचा. त्या डबीत रबराचा पडदा असतो. तो फाटला की ओढ पोचत नाही, आणि गिअरबॉक्सला वाटतं आपण कायमचे चढावरच आहोत. म्हणून दणके. वर त्या भोकातून इंजिन तेल शोषून घेतं आणि जाळून टाकतं. म्हणून धूर. तेल कमी झालं की गाडी बसते, ओतलं की उठते."

"हे तुला माहीत होतं?" कालची बाई कडाडली.

"नळी बघितली असती तर कळलं असतं. पण महाराजांनी बॉनेट उघडायला बंदी घातली होती."

"आणि तू ऐकलंस?"

"तेल माझ्याच दुकानातून जात होतं ना, ताई," गॅरेजवाला म्हणाला. निदान खरं तरी बोलला.

त्याच्याकडूनच ती डबी सोडवून घेतली. बायकोने ती सासूबाईंच्या हातात ठेवली. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपून पाहिलं. पत्रा, आत रबर, रबराला चीर. त्यांचं बोट चिरेपाशी थांबलं.

"एवढंसं?"

"हो, आई."

"आणि ते?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचेही वडीलच होते ते. शेवटी मीच म्हणालो, "ते नाहीत, आई. ते गेले."

त्यांनी डबी पदरात पुसली, का ते मला कळलं नाही. मग त्या भावाच्या दिशेने वळल्या. "मग मला नाही कोण म्हणालं?"

मामा झग्यावरचा चिखल झटकू लागले.

"इकडे ये. लांबून मला तू दिसत नाहीस."

मामा जवळ आले. सासूबाईंनी चाचपत त्यांचा कान शोधला आणि धरला. पन्नाशी उलटलेला महाराज बहिणीच्या हातात कान देऊन उभा राहिला.

"तू ऑपरेशनला गेली असतीस तर लेकीकडेच राहिली असतीस, ताई," ते हुंदके देत म्हणाले. "गाडी विकली असतीत. मग माझं कोण ऐकणार होतं परत?"

"आधी सांगायचंस, रे. मी ऐकलं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि कान सोडला.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. उजवा डोळा वाचला. डाव्याची नस केव्हाच गेली होती. "अहो, आधी का नाही आणलंत यांना?" डोळ्यांचे डॉक्टर माझ्यावर रागावले. शिकलेसवरलेले लोक तुम्ही, असंही म्हणाले. गाडी नाही म्हणाली, असं सांगू? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र मला संताप अनावर झाला, आणि तो एकट्या मामांवर नव्हता.

मेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटणं यात काही वाईट नाही. मलाही आबांशी बोलावंसं वाटतं. पण उत्तर आलं की ते कुठून आलं हे खाली वाकून बघायला हवं. त्या अंगणात वाकत सगळेच होते, पण नमस्कारासाठी. एकाने जरी कागद घेऊन गाडीखाली मान घातली असती तर एका बाईचा डोळा वाचला असता.

गर्दी एका दिवसात ओसरली, असं मात्र समजू नका. गॅरेजवाल्याने नवी डबी बसवली, दणके थांबले, धूर थांबला, तरी अधूनमधून कुणीतरी येतंच. परवा आम्ही गेलो होतो तेव्हा मामा साध्या शर्टपँटमध्ये गाडी धूत होते. आता तेच तिच्यावरून लोकांचे पलंग वाहतात. एक तरुण माणूस फाटकातून धावत आला. एका हातावर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं मूल, दुसऱ्या हातात लाल तेलाचा डबा.

"महाराज, आबांना विचारायचंय. पोराला परवापासून ताप आहे. दवाखान्यात न्यावं, की घरीच उतरेल?"

मामांनी तोंड उघडलं. जुनी सवय. पण पायरीवर काळा चष्मा लावून बसलेल्या सासूबाई आधी बोलल्या.

"गाडीला तापातलं काय कळतं? गाडी विचारायला नसते, बसायला असते. बस आत." मग भावाला म्हणाल्या, "काढ रे, सरळ दवाखान्यात ने."

मामांनी हात पुसले, सीटवर बसून गाडी चालू केली आणि दांडा 'डी'वर ओढला. तो माणूस आत बसला तरी त्याने डबा सोडला नव्हता. सासूबाई पायरीवरून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि आपल्या एका डोळ्याने त्याच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तो डबा खाली ठेव, आणि पोराला दोन्ही हातांनी धर."